रुक्मिणीचं पाचवं घर

दोन किलो मिरच्यांपैकी निम्म्यांची देठं काढून झाली होती. बेडगी संपली होती, संकेश्वरीला हात घातला होता. गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात पडल्यामुळे त्या नुसत्या उचलल्या तरी वाजत होत्या. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून, पंखा बंद करून मी बसले होते, कारण पंखा लावला की बी उडतं आणि घरभर शिंका सुरू होतात. शेजारी स्टुलावर फोन होता. तो मात्र बंद नव्हता.

त्या शुक्रवारचं मी वहीत त्याच दिवशी लिहिलं होतं, पण नुसत्या वेळा आणि चार-चार शब्द. आज नीट लिहायला घेतलंय. रुक्मिणीबद्दल लोक जे बोलतात ते एका फोटोवरून बोलतात, आणि त्या फोटोच्या आधी ती अठ्ठावन्न वर्षं जगलेली आहे.

रुक्मिणी परब आमच्याच मजल्यावर राहते, समोरच्या दारात. मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्याजवळची ही आमची जुनी वसाहत. तिचं बिऱ्हाड आणि आमचं एकाच वर्षी इथे आलं. माहेर तिचं कोरेगावकडचं, सासर मालवणचं. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, परळची खोली विकून हे लोक इकडे आले, आणि तिचे यजमान, श्यामसुंदर भाऊजी, छापखान्यात लागले. पगारात भागेना म्हणून रुक्मिणीने डबे सुरू केले. वीस वर्षं केले. पहाटे तिच्या लाटण्याचा आवाज भिंतीतून आला की मी उठायचे, मला कधी गजर लावावा लागला नाही. कुठल्या डब्यात वांगं चालत नाही, कोणाच्या चपातीला तूप लावायचं नाही, सगळं तिच्या डोक्यात. सहीपुरतं लिहायला येतं, पण वीस वर्षांत डबा कधी चुकला नाही.

आणि आवाज! तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून ती खालच्या भाजीवाल्याला सांगणार, "ए, परवाची जुडी आतून काळी निघाली हां. आज एक फुकट टाक!" आणि तो टाकतो. आजूबाजूच्या दोन इमारतींना कळतं की परबांकडे आज मेथी आहे. भाऊजींना अलीकडे कमी ऐकू येतं. ते म्हणतात, "माझे कान हिनाच खाल्ल्यान."

अशी बाई नवस बोलली तो गप्प राहायचा.

मागच्या दिवाळीनंतर तिची नात जान्हवी तापाने अकरा दिवस इस्पितळात होती. सहा वर्षांचं पोर, रक्तातल्या पेशी रोज खाली जायच्या. रुक्मिणीने माहेरच्या देवीला, तुळजाभवानीला, सांगितलं की पोरगी घरी आली तर पाच शुक्रवार जोगवा मागेन, पाच-पाच घरं. जान्हवी घरी आली. फाल्गुन संपत आला तेव्हा रुक्मिणीने नवस फेडायला घेतला.

जोगवा म्हणजे देवीच्या नावाने परडी हातात घेऊन दारोदार पीठ-मीठ मागायचं. भीक नव्हे ती. घरात चार घास सुखाचे असताना लोकांपुढे हात पसरायचा, म्हणजे मी मोठी, माझं घर मोठं हे गळून पडतं. तिच्या आईची रीत कडक होती. अनवाणी जायचं. सोबत पैसा नाही, फोन नाही. पाचातलं एक घर असं हवं जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. घरात लहान मुलगी असली तर तिच्या कपाळाला परडीतली हळद लावायची, तीच देवी समजून. आणि पाचही घरं होऊन आपल्या उंबऱ्यात परत येईपर्यंत "आईचा जोगवा" एवढे दोनच शब्द बोलायचे. तिसरा शब्द तोंडातून गेला की तो शुक्रवार फुकट.

"जमेल का गं तुला?" मी विचारलं होतं.

"न जमायला काय झालं? पोरगी अकरा दिवस गप्प पडली होती. मला दोन तास नाही होणार?"

परडीवरचं लाल फडकं मी शिवून दिलं होतं, माझ्या एका इरकली खणाचं, हिरव्या काठाचं. कडेने तिने सात कवड्या टाचल्या. चार शुक्रवार नीट पार पडले. पहिलं घर दर वेळी माझं. ती दारात उभी राहायची, डोळे खाली, मी मूठभर ज्वारीचं पीठ वाढायचे, आणि ती काही न बोलता जिना उतरायची. तिला गप्प बघून मला दर वेळी गलबलून यायचं. त्या शेवटच्या शुक्रवारीही ती साडेनऊला येऊन गेली. अंगावर हिरवी साडी होती. पीठ वाढून मी दार लावलं आणि मिरच्या घेऊन बसले.

आता माझंही सांगते. मी पूजाअर्चा करणारी बाई. पूर्वी निरांजन लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. गेली दोनेक वर्षं देवासमोर बसण्याआधी फोन बघत होते. आमच्याच इमारतीतला निलेश "मुलुंड क्षणोक्षणी" नावाचा सातशे जणांचा ग्रुप चालवतो. कुठे पाणी गेलं, कुठे झाड पडलं, कुठे कोणाला उडवलं, सगळं त्याच क्षणी. मुलगा वाईट नाही. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत सिलिंडरचा भडका उडाला तेव्हा त्याच्या ग्रुपमुळेच दहा मिनिटांत माणसं गोळा झाली, एक आंधळी आजी वाचली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी कोणाला लगेच म्हणत नाही की हे सगळं बंद करा.

पण सिलिंडर एकदा फुटला आणि फोन रोज दोनशे वेळा वाजत राहिला. माझी अक्षता अंधेरीला नोकरीला. ती घराबाहेर पडली की मी ग्रुप उघडायचे. पवईच्या रस्त्यावर अपघात वाचला की तिला फोन. "आई, मी पोचले गं कधीच, मीटिंगमध्ये आहे." मग दुसरी बातमी. छाती धडधडायला लागली की जप करायचे, आणि जप करता करता अंगठा फोनवर. सातशे माणसांवर आलेली संकटं मी रोज घरात बसून भोगत होते, आणि त्यातल्या एकालाही माझा काडीचा उपयोग नव्हता.

उपयोग व्हावा असं वाटायचं मात्र. तिथेच मी फसले.

दहा पंचावन्नला फोन वाजला. बोटं मिरचीने भगभगत होती म्हणून मी बोटाच्या पेराने उघडला. निलेशचा मेसेज होता. "सावधान! मिठागर रोड परिसरात संशयित महिला. लहान मुलांच्या कपाळाला पावडर लावते, मूल गुंगीत तिच्या मागे चालू लागते. आत्ताच एक मुलगी थोडक्यात वाचली. फोटो बघा, लगेच पुढे पाठवा." खाली फोटोच्या जागी नुसता धुरकट चौकोन. दाबल्याशिवाय फोटो उघडत नाहीत, अक्षतानेच तसं करून ठेवलंय, नेट वाचतं म्हणून. दाबायला हवं होतं. पण तिखटाची बोटं, चष्मा स्वयंपाकघरात, आणि मुख्य म्हणजे मला घाई होती. पोरं कुठेतरी धोक्यात होती, आणि मी फोटो बघत बसू?

मी तो मेसेज सात ग्रुपवर टाकला. भजनी मंडळ, हळदीकुंकू, माहेरचा, शाळेतल्या मैत्रिणींचा, सगळे. वर माइकवर बोलून माझी एक ओळ घातली: "आयांनो, लेकरं घरात घ्या, दाराला कडी लावा. आई जगदंबा सगळ्यांच्या लेकरांना सांभाळो."

आणि खरं सांगते, बरं वाटलं. पुढच्या दहा-वीस मिरच्या मी पुण्य केल्यासारख्या मोडल्या.

अकरा दहाला आलं, "टोळी असण्याची शक्यता." अकरा चौदाला, "पांढरी व्हॅन दिसली." एकीने लिहिलं की तिच्या भाच्याच्या शाळेबाहेरही अशीच बाई होती. जान्हवी शाळेत असेल, रुक्मिणीला सांगायला हवं असं मनात आलं. तिचं दार वाजवायला उठणार, तेवढ्यात आठवलं, ती जोगव्याला गेलीय. तरीही डोक्यात उजेड पडला नाही. बाई, पावडर, कपाळ, सगळं समोर होतं, आणि मी पांढऱ्या व्हॅनचा विचार करत होते.

अकरा एकोणीस. "पकडली! लाईव्ह बघा."

हे आपोआप सुरू झालं. आधी नुसती डोकी आणि वर केलेले फोन. कोणीतरी ओरडत होतं, "नाव सांग! नाव सांग आधी!" मग चित्र हललं, खाली गेलं, आणि रस्त्यावर पालथी पडलेली परडी दिसली. पीठ सांडलं होतं. त्यात कोणाच्या तरी बुटाखाली लाल खण, हिरवा काठ.

माझा खण. माझी शिवण.

मी ओरडले की नाही आठवत नाही. वहीत एवढंच आहे, "११.२० रुक्मिणी." पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, एक हजार चारशे लोक बघत होते. खालून शब्द वर सरकत होते. मारा. सोडू नका. पोलीस काही करणार नाहीत. मध्येच कोणी तरी लाल बदाम टाकत होतं. मी लिहायला घेतलं, "ती आमची रुक्मिणी आहे जोगवा मागते". अक्षरं चुकत होती. कसंबसं पाठवलं. ते दिसलं, वर गेलं आणि नाहीसं झालं. पुन्हा पाठवलं, पुन्हा गेलं. निलेशला फोन केला तर लागेना, तो त्याच फोनवरून दाखवत होता ना! मग मला कळलं की इथे बसून मी काहीही केलं तरी ते त्या माणसांपर्यंत पोचणार नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला पंधरा मिनिटांचं अंतर होतं.

पायात सपाता, हात तिखटाचे, तशीच धावले. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं, आणि मग काही दिसेना. आग आग. नाक्यावर रिक्षा मिळाली.

"मिठागर रोड. लवकर चल रे बाबा."

रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "मावशी, तिकडेच पोरं चोरणारी पकडलीये. हे बघा." आणि त्याने फोन मागे केला. त्याच्या फोनवर तोच मेसेज होता. वर माझी ओळ होती. जगदंबा सगळ्यांच्या लेकरांना सांभाळो.

"कोणी पाठवलं हे?" मी विचारलं.

"काय माहीत. बायकोने पाठवलं. तिला तिच्या मावशीने. चांगलं लिहिलंय, नाही?"

मी त्याचा फोन परत केला.

काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. चार घरं करून रुक्मिणी अनोळखी घर शोधत एका जुन्या तीन मजली इमारतीत शिरली. दुसऱ्या मजल्यावर शीतल नावाची सूनबाई राहते, तिची चार वर्षांची मुलगी जिन्यात खेळत होती. रुक्मिणीने तिच्या कपाळाला हळद लावली आणि दारापुढे परडी धरली. शीतल बाहेर आली. "कोण तुम्ही? काय लावलंत तिला?" रुक्मिणी म्हणाली, "आईचा जोगवा." "कोणाची आई? काय पाहिजे?" पुन्हा, "आईचा जोगवा." शीतलने पोरीला आत ओढलं आणि तोंडावर दार लावलं. जिना उतरणाऱ्या रुक्मिणीचा खिडकीतून एक फोटो काढून तिने त्यांच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकला. तिने एवढंच विचारलं होतं, "या बाईला कोणी ओळखतं का?" ते कोणीतरी निलेशला पाठवलं. त्याने "संशयित" घातलं. पुढे मी जगदंबा घातली.

मी पोचले तेव्हा रुक्मिणी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. पदर फाटला होता. चष्म्याची एक काच गेली होती, ओठ फुटला होता. सभोवती साठ-सत्तर माणसं, निम्मी फोन धरून. एक दांडगा पोरगा तिच्या खांद्याला हिसके देत विचारत होता, "बोल ना! तोंड नाय का? बाकीचे कुठायत?" रुक्मिणीने हात जोडले, सांडलेल्या परडीकडे बोट केलं. मागून कोणी ओरडलं, "बघा, इशारे करते! कोणाला तरी खुणावते!"

"रुक्मिणी, बोल!" मी गर्दीतूनच किंचाळले. "अगं, सांग ना त्यांना! मोडू दे नवस, बोल!"

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मान हलवली. नाही.

पोरीचा जीव तिने त्या मौनाला बांधला होता. ते मोडलं तर जान्हवीचं काय होईल ही तिची भीती त्या साठ-सत्तर माणसांच्या भीतीपेक्षा मोठी होती.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले, तिच्या अंगावर हात टाकला. वाटलं, माझं ऐकतील, मी बोलू शकते. "अहो, ही परब आहे, गव्हाणपाड्याला राहते, जोगवा मागते..." पण डोळे सुजलेले, नाक गळतंय, पायात एकच सपात, हात लालभडक. माझ्याकडे बघून कोण काय समजणार?

"ही कोण? हिचीच साथीदार!"

"दुसरी पण भेटली!"

"दारू प्यायलीये काय ही? डोळे बघ."

फोन माझ्याकडे वळले. आजवर मी त्या काचेच्या या बाजूला होते. आता मीच त्यात होते, आणि मला माहीत होतं की खालून काय काय सरकत असेल. एका बाईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे बघा, सगळीकडे आलंय! आयांनो, लेकरं घरात घ्या, दाराला कडी लावा..." माझं वाक्य माझ्या डोक्यावर वाचलं जात होतं, आणि शेवटी "जगदंबा" आल्यावर कोणीतरी मागून दगड मारला. तो शटरला लागला. शटर असं दणाणलं की मला वाटलं आपण गेलो. मी डोळे मिटले. एकही स्तोत्र आठवलं नाही. पन्नास वर्षांचं पाठांतर, एक अक्षर आलं नाही.

"काकू?"

निलेशचा आवाज. तो सगळ्यांत पुढे उभा होता, फोन डोळ्यांपुढे धरून. एवढा वेळ तो आम्हाला फोनमधूनच बघत होता. त्याने फोन खाली केला आणि चेहरा असा पांढरा पडला की मला त्याही वेळी त्याची दया आली.

"काकू, तुम्ही? आणि या... परब काकू?"

"नीट बघ ना आता," मी म्हटलं. "आठवी ते बारावी कोणाचा डबा खाल्लास तू?"

तो वळला आणि हात पसरून आमच्यापुढे उभा राहिला. "ओ, थांबा! माझ्या इमारतीतल्या आहेत! चूक झालीये, थांबा!" लोक ऐकायला तयार नव्हते. "तूच टाकलंस ना? आता काय?" म्हणून दोघांनी त्यालाच धरलं, त्याचा शर्ट फाटला. तेवढ्यात पोलिसांची मोटरसायकल आली आणि गर्दी पांगली. माणसं एवढ्या लवकर जातात कुठे, देव जाणे. पाच मिनिटांत तिथे पीठ, सात कवड्यांपैकी चार, आणि आम्ही.

चौकीत एका बाई हवालदाराने पाणी दिलं. रुक्मिणीने घेतलं नाही. मी तिच्या वतीने सगळं सांगितलं, कागद झाला, तिने सही केली. घरी आलो. अक्षताने अंधेरीत कोणाच्या तरी फोनवर मला पाहिलं होतं. ती जिन्यातच उभी होती, मला बघताच तिने मिठी मारली. रुक्मिणीने आपल्या दारात पाय ठेवला, उंबऱ्याला हात लावला, आणि मग त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

"पाचवं घर राहिलं गं."

हे सगळं बारा दिवसांपूर्वीचं. निलेशने त्याच दुपारी खुलासा टाकला, माफी मागितली. त्याला एकवीस जणांनी अंगठा टाकला. फोटो मात्र अजून फिरतोय. चौथ्या दिवशी माझ्या बोरिवलीच्या नणंदेने मलाच पाठवला, "वहिनी, ही बाई आता आमच्याकडे आलीये, सांभाळा." मग कळलं वाकोल्याला पोचला. काल भजनी मंडळातली एक म्हणाली, गोराईला तिच्या भावाने पाहिला, आणि तिकडे म्हणे एका भांडीवालीला लोकांनी अडवलं. भांडीवालीचं खरं की खोटं, मला माहीत नाही. आता कोणतीच गोष्ट मी खरी-खोटी सांगू शकत नाही. पण त्या बाईचा विचार आला की जेवण जात नाही. मी सातही ग्रुपवर लिहिलं की ते चुकीचं होतं, मी न बघता पाठवलं. दोघींनी नमस्काराचे हात पाठवले. बाकीच्यांनी त्याच्याखाली सुप्रभात टाकलं.

रुक्मिणी घराबाहेर पडत नाही. जान्हवीला शाळेतून आणायला भाऊजी जातात. परवा ती पोर दारात उभी राहून विचारत होती, "आजी, तू खरंच मुलं नेतेस? माझ्या वर्गातली म्हणते." रुक्मिणी म्हणाली, "हो. आणि डब्यात भरून पाठवते." पोरगी हसली. रुक्मिणी आत जाऊन पंख्याखाली बसली. कठड्यावरून आता भाजीवाल्याला आवाज जात नाही. तोच परवा वर आला विचारायला, "मावशी बरी आहे ना?"

शीतलही आली होती, पोरीला घेऊन, तांब्याभर पीठ, वर नारळ. पाया पडली. खूप रडली. "मावशी, हे घ्या, मी तेव्हा वाढायला हवं होतं." रुक्मिणीने तिला उठवलं, चहा केला, पोरीच्या हातावर गूळ ठेवला. पीठ घेतलं नाही. "अगं, जोगवा घरपोच मिळत नाही," म्हणाली.

मी मात्र बारा दिवस तिच्यासमोर बसून चहा पीत होते आणि सांगत नव्हते. निलेशला लोक बोलतात, शीतलला बोलतात, ते मी ऐकून घेत होते. घशाशी यायचं आणि परत जायचं. वाटायचं, तिला कळलं तर हे समोरचं दार माझ्यासाठी बंद होईल, आणि तीस वर्षांत मी कधी एकटीने मसालासुद्धा केलेला नाही. शेवटी आज सकाळी सांगितलं. वही नेली होती. त्या दिवसाचं पान उघडून तिला वाचून दाखवलं, दहा पंचावन्नपासून.

"ती ओळ माझी होती, रुक्मिणी. ती बाई जे वाचत होती ते."

ती मिरच्यांच्या बिया निवडत होती, माझ्याच राहिलेल्या. हात थांबला नाही.

"मला वाटलंच," म्हणाली.

"कसं?"

"लेकरं, कडी, जगदंबा. असं पोथीसारखं आपल्यात दुसरं कोण बोलतं?" मग बिया बाजूला सारत, "चांगलं बोलतेस म्हणून लोकांना पटलं. निलेशचं वाचून कोणी दगड उचलला नसता."

मी रडले. तिने रडू दिलं. समजूत घातली नाही, आणि ते बरोबर होतं.

"एक घर राहिलंय," ती म्हणाली. "चोवीस झाली. मला आता जिना उतरवत नाही. दार उघडलं की सगळ्यांच्या हातात फोन दिसतो. पण राहून चालणार नाही, पोरीचं आहे. तर तू माग."

"मी?"

"अनोळखी घर. अनवाणी. फोन इथे माझ्याकडे ठेवून जायचं. आणि दोनच शब्द. तिसरा नाही."

"आणि कोणी अडवलं तर?"

"तर गप्प बसायचं. मी बसले ना?"

मी हो म्हटलं. शुक्रवार परवा आहे. कोणाचं दार असेल, आत लहान मुलगी असेल का, तिची आई खिडकीतून फोन वर करील का. काल निलेशने ग्रुपवर नवी सूचना टाकली की खात्री केल्याशिवाय काही टाकू नका, आणि तिच्याखाली लगेच कोणीतरी लिहिलंय, नवघरला दोन अनोळखी बायका दिसल्या. मी फोटो उघडला नाही, पुढेही पाठवलं नाही. फोन पालथा घालून मिरच्यांकडे वळले. पण त्या दोघी कोण असतील, कोणाच्या दारात उभ्या असतील, हे डोक्यातून जात नाही.

जुन्या परडीचा तळ बुटाखाली फुटलाय. खण धुऊन ठेवलाय, पिठाचे डाग गेले, बुटाचा गेला नाही. तोच पुन्हा शिवणार आहे. आता ऊन उतरलंय, तेव्हा स्टेशनजवळच्या बुरुडाकडे जायचंय, नवी परडी आणायला.